एकवीस किलो पेंड

चिंचणी,
२२ मे

प्रिय भाग्यश्री,

मंगळवारी सकाळी बेटेगावच्या पाड्यावर तुझ्या आईच्या बंद घरामागे पेंडीची दोन पोती जमिनीतून निघाली. जमुनाचा मुलगा मिथुन शेजारी शोषखड्डा खणत होता. दोन हात खाली त्याची पहार प्लास्टिकला लागली. जमुनाने त्याच दिवशी तुला फोन केला आणि काय शब्दांत कळवलं तेही तिने मला अभिमानाने सांगितलं, "तुज्या आयशीची चोरी वर आली." पोती निघाली हे खरं आहे. ती चोरीची नाहीत. हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. मी तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. ठीक आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि मला ओळीने लिहिल्याशिवाय नीट मांडता येत नाही हे तुला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. पण निम्मं ठाऊक असण्यानेच सगळा घोळ झाला, म्हणून पहिल्यापासून लिहिते. १९७९ साली मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. मला मेंढ्यांच्या खुराकावर प्रयोग करायचा होता. सरांनी यादीवरून नजर न काढता सांगितलं, तुम्ही मुली कोंबड्या घ्या. मी कोंबड्या घेतल्या, पास झाले, लग्न झालं, चिंचणीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मेंढ्या राहून गेल्या त्या राहूनच गेल्या. तुला नववीत मी हा विषय पाठ्यपुस्तकात नसताना शिकवला होता, आठवत असेल. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतूंची वस्ती. शेंगदाण्याची चांगली पेंड घातली तरी तिच्यातली बरीचशी प्रथिनं ते जंतूच फस्त करतात. तीच पेंड फॉर्मेलिन मोजून शिंपडून नऊ दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवली, तर प्रथिनांवर कवच बसतं. ती पहिला कप्पा चुकवून पुढे जातात, खऱ्या पोटात पचतात, आणि पाजत्या मेंढीचं दूध वाढतं. जुळं असेल तर फरक जास्त दिसतो. पण कवच मोजकं हवं. जास्त झालं तर प्रथिनं कुठेच पचत नाहीत. चिकूची बी गिळावी तशी आत जातात आणि तशीच बाहेर पडतात. मेंढी खाते आणि उपाशी राहते. हे शेवटचं वाक्य मी वर्गात दोनदा म्हटलं होतं. तू वहीत त्याखाली रेघ मारली होतीस.

निवृत्त झाल्यावर माझ्याकडे वेळ होता आणि हट्ट होता. भातं कापून झाली की घाटावरचे मेंढपाळ खाली येतात, रानात मेंढ्या बसवतात. त्यातल्या प्रतापकडून मी दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर अठरा गाभण मेंढ्या घेतल्या आणि तुमच्या पाड्यावर सहा बायकांना तीन-तीन दिल्या. बेटेगावात माझ्या चुलतभावाची पडवी रिकामी होती, तिथे पेंड तयार करायची. तयार पेंड तुझ्या आईच्या माळ्यावर ठेवायची, कारण तिचं घर कौलारू आणि कोरडं, आणि रोज सकाळी तिनेच पत्र्याच्या मापाने सहा घरांना वाटायची, कारण ती तुझी आई. एवढाच विचार मी केला होता. माळ्यावर पेंड ठेवणाऱ्या बाईकडे बाकीच्या पाच जणी कशा बघतील, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जमुना पहिल्याच आठवड्यात बोलली होती, "नवसीच्या माळ्यावर आता उंदीर पण शिकलेला ऱ्हायल." सगळ्या हसल्या. तुझी आईही हसली. मी हसले नाही, पण मनावरही घेतलं नाही.

मेंढी किती दूध देते हे धार काढून कळत नाही, ती धार देतच नाही धड. म्हणून कोकरांना चार तास आईपासून दूर डालून ठेवायचं, तोलायचं, पाजायचं, पुन्हा तोलायचं. जो फरक येईल ते दूध. चिंचणीच्या बंदरावरून मी मासळी तोलायचा टांगता काटा आणला होता, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि तुझ्या आईने जुन्या लुगड्याची झोळी शिवली होती. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाच्या रिक्षाने यायचे. तुझ्या आईला आकडे वाचता येत नव्हते, पण कोकरू पिऊन बाजूला झालं की ती त्याच्या पोटाखाली हात घालून सांगायची, "आज कमी प्यायला," किंवा, "हा लबाड दोन्ही आचळं रिती करून आला." मी काट्यावर बघायचे. ती क्वचितच चुकली. तिच्या तीन मेंढ्यांपैकी एक सारखी पुढे घुसायची, बाकीच्यांना डोकं मारायची आणि सतत ओरडायची. तिचं नाव तुझ्या आईने "बाई" ठेवलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासमोर ती त्या मेंढीला नुसतं "ही" म्हणायची आणि बाकीच्या तोंडाला पदर लावायच्या.

पहिली पेंड मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फॉर्मेलिनने केली. बेडूक बुडवून ठेवायच्या बरणीसाठी आणलेलं ते द्रावण, तीनपट पातळ केलेलं. मी त्याचा हिशेब केला, दहा किलो पेंडीला एक स्टीलचा पेला, पाण्यात मिसळून. जानेवारीत मेंढ्या व्यायल्या. तीन आठवड्यांत एका वेळच्या पिण्याचा फरक नव्वद ग्रॅमवरून एकशे तीसवर गेला. वही माझ्यासमोर आहे. मी ते आकडे लिहिताना किती दाबून पेन चालवला आहे ते मागच्या पानावर उमटलंय. तुला मी त्या दिवशी फोन केला होता. तू बोईसरच्या कंपनीत प्रयोगशाळेत नुकतीच लागली होतीस. तू म्हणालीस, "बाई, आता लिहून पाठवा कुठेतरी." मी म्हटलं, आधी आकडे पुरे होऊ देत.

मग फॉर्मेलिन संपलं. मी तुला बोईसरच्या केमिकलच्या दुकानातून आणायला सांगितलं आणि माझा पांढरा डबा दिला. तू एका रविवारी भरून आणून दिलास. डब्यावर चिकटपट्टी लावून तू काळ्या शाईने लिहिलं होतंस: सदतीस टक्के, पातळ करून वापरणे. मी ते वाचलं नाही. डबा माझा, माप माझं, हिशेब माझ्या तोंडपाठ. मी पूर्वीचाच पेला पूर्वीसारखाच भरला. संध्याकाळची वेळ होती. पेंड कालवताना डोळ्यांतून पाणी आलं, घसा धरला. बोईसरच्या बाजूला संध्याकाळी हवा खाली बसते आणि कारखान्यांच्या वसाहतीचा वास येतो, डोळे चुरचुरतात, ही आपल्याकडे सांगायची गोष्ट राहिलेली नाही. मी पडवीचं दार लोटून घेतलं, वाऱ्याला दोन शब्द ऐकवले आणि पेंड कालवत राहिले. दुसऱ्या कुठल्या गावात मी असते तर हात थांबला असता.

त्या पेंडीचं पहिलं पोतं उघडलं त्याच दिवशी तुझी आई माझ्याकडे आली होती. मी काटा टांगत होते. ती म्हणाली, "बाई, ही पेंड डोल्याला झोंबतंय. मेंढी तोंड फिरवतं." मी तिला सांगितलं, हवा आहे ती बोईसरची, कामाला लाग. तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, की ज्या घरात एक मूठ पेंड वाया जाईल त्या घरातल्या मेंढ्या मी त्याच दिवशी घेऊन जाईन. हे वाक्य पाच जणींनी ऐकलं. ते त्यांनी पाळलं.

पुढचं जमुनाने मला परवा सांगितलं, आणि तिने ते तुझ्या आईविरुद्ध म्हणून सांगितलं. तुझ्या आईने त्याच संध्याकाळी पाचही घरी जाऊन सांगितलं होतं, ही पेंड घालू नका, पाला घाला. जमुना तिला म्हणाली होती, "तू काय बीएस्सी झालीस? आमची नको घालू न् तुज्या मेंढीला दुप्पट घाल, व्हय ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून जमुना स्वतः उभी राहून आपलं माप भरून घ्यायला लागली, शीग लावून. म्हणजे बघ. जिने सावध केलं तिच्यावरच पहारा बसला.

वहीतले आकडे पुढे असे आहेत. पाच घरांत पंधरा मेंढ्या. फरक एकशे तीसवरून शंभर, मग सत्तर, मग चाळीस. कोकरं आचळाला धडका मारायची आणि बाजूला होऊन उभी राहायची. मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मार्चमध्ये पहिलं कोकरू गेलं, ते जमुनाचं. तिने ते परातीत झाकून माझ्यासमोर आणून ठेवलं. अठरा दिवसांत अकरा गेली. तुझ्या आईच्या तीन मेंढ्या मात्र एकशे दहाच्या खाली आल्या नाहीत. तिची चार कोकरं, त्यात एक जुळं, वाढत राहिली. हे माझ्यासमोर सहा रकान्यांत मांडलेलं होतं. पाच खाली जाणारे, एक सरळ. शाळेतल्या पोराने विचारलं असतं, बाई, सहाव्या घरी काय वेगळं घातलं? मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. पेंडीने दूध वाढतं. जिथे दूध आहे तिथे पेंड जास्त गेली आहे. पेंड कोणाच्या माळ्यावर आहे?

होळीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना तिच्या अंगणात बोलावलं. तू सुट्टीवर आली होतीस. मी वही उघडून आकडे वाचले. एकेक घराचे, शाळेत प्रगतिपुस्तक वाचतात तसे. मग विचारलं, नवसी, ही पाच घरांची पेंड कुठे गेली? तिने हातातलं माप खाली ठेवलं. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मी कोनाचा नाय घेतला, बाई." आणि तिने तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोरीसमोर लाज वाटली. तुलाही तेच वाटलं. तू उठलीस आणि म्हणालीस, "आई, लहान लेकरं मेली गं. एवढं तरी बघायचं." जमुना तुझ्यासाठी बाजूला सरकली, तू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. तुझ्या आईने त्यानंतर तोंड उघडलं नाही. माझ्याकडून तू शिकलीस ते हेच, की आकड्यापुढे माणसाचं ऐकायचं नाही. शिकवताना मी अर्धंच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तिने मेंढ्या आणि कोकरं माझ्या स्वाधीन केली. मी पोच लिहिली, तिने अंगठा उठवला. "बाई" नावाची मेंढी तिच्यामागे परत धावली म्हणून दोघींनी धरून आणावी लागली. महिन्याभरात प्रताप सगळा उरलेला कळप परत विकत घेऊन घाटावर निघून गेला. जाताना म्हणाला, "मेंढरं शिकलेल्या माणसाला देऊ नयेत." मी त्याला गेट दाखवलं. प्रयोग संपला. पाड्यावर तिच्याशी कोणी बोलेना. विहिरीवर ती गेली की बाकीच्या कळशा उचलायच्या. तू बोईसरला तुझ्या कंपनीतल्या किंजलबरोबर खोली घेतलीस आणि तिचे फोन घेतले नाहीस. त्या कार्तिकात ती वीटभट्टीवर गेली. चिंतू असता तर त्याने तिला एकटीला जाऊ दिलं नसतं, पण तुझे वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माघात ताप आला, आठवडाभर अंगावर काढला, आणि टेंपोतून आली. तू मातीला आलीस. एका बाजूला उभी राहिलीस. मी दुसऱ्या बाजूला होते.

आता मंगळवारचं. मिथुनने पोती वर काढली तेव्हा मी तिथे पोचले, कारण जमुनाने मलाही फोन केला होता. साक्षीदार म्हणून. पोत्यांचा ताग वाळवीने खाल्लेला, आतलं प्लास्टिक शाबूत, गाठी तुझ्या आईच्या, दुहेरी. मी गाठ सोडली. एक पूर्ण पावसाळा जमिनीत काढलेली पेंड, भाग्यश्री, आणि तिला बुरशी नव्हती. मुंगी नव्हती. रंगसुद्धा बदललेला नव्हता. वास तसाच उभा होता, डोळ्यांत गेला. भर सकाळी, समुद्राकडून वारा असताना. बायका मागे सरल्या. सुका, जमुनाचा दीर, म्हणाला, "हिच्यात काय घातलाय? मुडद्याला घालतात तसा." पेंडीवर कोणी याहून खरं बोललं नाही.

मी ती तिथेच तोलली, त्याच टांगत्या काट्यावर. दोन पोत्यांची मिळून एकवीस किलो आणि वर थोडी ओल. तुझ्या आईच्या तीन मेंढ्या. मेंढीला रोज दोनशे ग्रॅम. नवी पेंड उघडल्या दिवसापासून होळीच्या आदल्या दिवसापर्यंत पस्तीस दिवस. गुणाकार तू कर. तिने आपल्या वाट्याची पेंड रोज मापाने काढून वेगळी बांधली. परत आणून दिली असती तर मी मेंढ्या नेल्या असत्या. उकिरड्यावर टाकली असती तर कोणाच्या तरी बकरीने, कोंबडीने खाल्ली असती. म्हणून पुरली. दुसऱ्या घरातली एक मूठ त्यात नाही. तिच्या मेंढ्या मग काय खात होत्या तेही मी आता विचारलं. तिच्या शेजारच्या म्हातारीला आठवत होतं, वालाचं भूस आणि बाभळीच्या शेंगा, तुझी आई रोज सकाळी डोंगराकडून पाटीभर आणायची. बाभळीच्या शेंगेत तुरटपणा असतो. तोही प्रथिनांवर कवच घालतो, हलकं, पचेल एवढंच. जे मी चाळीस वर्षं डोक्यात घेऊन हिंडले ते तिने पाटीत घेऊन केलं, आणि तिला त्याचं नावही नको होतं.

मी हे सगळं मंगळवारी तिथेच उभं राहून बायकांना सांगितलं. माझी चूक, माझा पेला, माझा डबा. नवसीने कोणाचं काही घेतलं नाही. पाच जणींनी ऐकून घेतलं. मग जमुना म्हणाली, "जाऊ दे बाई. मेलेल्या मान्साला चांगलाच बोलायचा असतं. तुमी मोठ्या मनाच्या." बाकीच्यांनी मान हलवली. मी आवाज चढवला. त्यांनी मला खाटेवर बसवून पाणी दिलं. ऊन लागलं म्हणाल्या. एकतीस वर्षं माझ्या प्रत्येक खोट्या-खऱ्या शब्दावर गावाने विश्वास ठेवला, आणि हा एक त्यांना पटेना. काल पुन्हा गेले. जमुनाने कोरा चहा केला आणि विषय बदलला. परवाही जाईन, पण काही होईल असं मला वाटत नाही. अकरा कोकरं मेली त्याला कोणीतरी लागतं, आणि मी रोज समोर दिसते, ती दिसत नाही.

तू मात्र प्रयोगशाळेत बसतेस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. तू भरून आणलेला डबा सोबत देते आहे, तळाला चार बोटं द्रावण आहे. शाळेची बरणीही देते, तिच्या तळाशी चमचाभर राहिलं आहे. दोन्हींचं प्रमाण काढ. खड्ड्यातल्या पेंडीची एक बाटली भरून, मेण लावून ठेवली आहे, आणि वही. मंगळवारची वजनं शेवटच्या पानावर आहेत. चिकटपट्टीवर तुझं अक्षर दिसेल आणि तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. तू योग्य ते लिहिलं होतंस. ते वाचणं माझं काम होतं. नववीत तू फळ्यावरचं माझं दशांश चिन्ह चुकलेलं दाखवलंस, मी तुला बाकावर उभं केलं, आणि तास संपल्यावर गुपचूप चिन्ह बदललं. तू बघितलं होतंस.

आता जे उरलं आहे ते. हे मला मंगळवारी कळलं असं तू धरून चालली असशील, कारण मी तसंच लिहीत आले. तसं नाही. मागच्या दसऱ्याला मी डबा पुसायला काढला तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता. सदतीस टक्के वाचलं. पायरीवर बसून हिशेब केला, पाच मिनिटं लागली. तुझी आई तेव्हा पाड्यावरच होती. मी गेले नाही. स्वतःला सांगितलं, की डबा तू आणलास, तुझं नाव येईल, तुझी नोकरी नवी आहे. चांगलं कारण होतं आणि खोटं होतं. मला पाड्यावर जाऊन सहा बायकांसमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच. त्यानंतर तीन-एक आठवड्यांनी, भट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी ती माझ्या ओटीवर आली. बेटेगावपासून चालत आली होती. म्हणाली, "बाई, तो डबा टाकून दे. पोरीनं डबा भरून आनला नि पेंड बिघाडली, माला ठावं हाय. पोरीचा नाव नको येयाला. ती शिकली हाय." होळीला ती गप्प का राहिली आणि तिने तुझ्याकडे का पाहिलं, ते मला त्या क्षणी कळलं. जे कारण मी खोटं वापरत होते ते तिचं खरं होतं. माझ्याकडे सांगायला सगळं होतं. मी म्हटलं, बरं, टाकते. ती चहा प्याली, कप विसळून पालथा घातला आणि गेली. म्हणजे मी तोंड उघडलं असतं तर तुझी आई तुझ्याशी बोलून भट्टीवर गेली असती, किंवा गेलीच नसती. जमुना म्हणते, येत्या रविवारी तू पाड्यावर येऊन आईच्या वतीने पाच घरांची माफी मागणार आहेस, एकेक पोतं पेंड देऊन. मागू नकोस. तेवढ्यासाठी हे पत्र आहे. मला माफी मिळावी म्हणून नाही. ती मागायला मी लायक नाही आणि तू द्यावीस असं मला वाटतही नाही. तुझ्या आईने कोणाचं काही घेतलं नव्हतं आणि ती तुझ्यासाठी गप्प होती, हे जगात दोघींना माहीत होतं. एक गेली. दुसरी अडुसष्ट वर्षांची आहे.

होळीच्या दिवशीची पोच वहीत होती, ते पान वेगळं काढून वर लावलं आहे. खालचा शेरा माझा आहे. मी तो खोडलेला नाही. खोडला तर मी काय केलं होतं ते दिसणार नाही. त्यावर काय आहे ते इथे उतरवते, म्हणजे पान हरवलं तरी राहील.

तुझी बाई,
दमयंती सावे

नवसी चिंतू, पाडा बेटेगाव, हिच्याकडून आज स्वाधीन झाले:
मेंढ्या – तीन.
कोकरं – चार. चारही जिवंत. वजनं ११.२०, १०.८५, ९.४०, ९.१० किलो.
लुगड्याची झोळी – एक.
पत्र्याचं माप – एक.
पेंड – शिल्लक नाही.
देणार – डाव्या हाताचा अंगठा. घेणार – द. सावे.
शेरा – विश्वासास अपात्र.